हाऊ कोन शे? : आपल्या फोटोंचा आणि कॅमेऱ्यांचा इतिहास

स्मरणिकेसाठी जुने फोटो हवेत, असे आम्ही जन्माष्टमीच्या आसपास घरोघरी सांगितले आणि पांडेसऱ्यातल्या, उधन्यातल्या, डिंडोलीतल्या घरांतून पिशव्या भरभरून फोटो आले. कोणी बिस्किटाच्या डब्यातून आणले, कोणी लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यातून काढून दिले, तर कोणी चिकट पानांचा जाडजूड अल्बमच आणून दिला. त्या अल्बमची पाने उलगडताना अर्धे फोटो प्लास्टिकला चिकटून वर आले.

त्यात एक चौकोनी, काळा-पांढरा, तळहातापेक्षाही लहान फोटो होता. लाकडी टेबलावर गणपती, मागे पडदा म्हणून नेसूची साडी बांधलेली, आणि पुढे सात तरुण उभे. आम्ही तो आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ काकांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, बोट ठेवून चार नावे सांगितली. पाचव्यावर बोट थांबले. मग शेजारी बसलेल्या काकूंना त्यांनी आपल्या अहिराणीत विचारले, "हाऊ कोन शे?" काकूंनाही सांगता आले नाही. शेवटच्या दोघांचीही तीच गत. आणि आमच्यातल्या एकाने विचारले, की हा फोटो काढला कोणी? त्यालाही उत्तर नव्हते, कारण फोटो काढणारा फोटोत नसतो.

याच प्रश्नामुळे हा लेख लिहावासा वाटला. आपल्या घरात फोटो कसे आले, हौसेने कॅमेरा हाती धरणारे कोण होते, आणि या डब्यांतल्या फोटोंचे आता काय करायचे, याचा थोडा विचार एकत्र करू.

मुंबईतली हौस

फोटो काढण्याची दागेर यांची पद्धत पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली. त्यानंतर पंधरा वर्षांतच, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्यात इंग्रज अधिकारी, डॉक्टर, व्यापारी असे हौशी लोक होते आणि आपली माणसेही होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकून बाहेर पडलेले डॉक्टर. रोगी तपासणे हा त्यांचा व्यवसाय आणि फोटो काढणे ही हौस. या हौसेत त्यांनी असे नाव मिळवले की सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर त्यांची निवड झाली. त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटारा, काचेची जड पट्टी, काळे कापड आणि वासाची रसायने. काचेवर ओले रसायन लावायचे, ते वाळण्याच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात धुवायचा. एवढे करून पुन्हा दवाखान्यात जायचे, म्हणजे ही हौस किती दांडगी असेल याची कल्पना यावी.

याच सोसायटीच्या आश्रयाने १८५६ पासून जॉन्सन आणि हेंडरसन यांनी मुंबईत 'इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' हे मासिक काढले. त्यात छापील चित्रे नसत, खरेखुरे फोटो चिकटवलेले असत. पुढे जॉन्सन यांनी मुंबईतल्या निरनिराळ्या जातिजमातींच्या फोटोंचे दोन खंड प्रसिद्ध केले. पहिला, १८६३ चा, गुजरात, कच्छ आणि काठेवाडच्या लोकांवर. दुसरा, १८६६ चा, महाराष्ट्रातल्या लोकांवर. म्हणजे आपली जन्मभूमी आणि कर्मभूमी, दोन्ही त्या दोन खंडांत आहेत. पण गंमत अशी की त्यातली बरीच माणसे एका जागी उभी करून फोटो काढलेली आणि मागचे देवळाचे किंवा नदीचे दृश्य दुसऱ्याच फोटोतून आणून जोडलेले. आणि फोटोखाली लिहिलेले असे ते जातीचे किंवा धंद्याचे नाव. समोर उभ्या राहिलेल्या माणसाचे स्वतःचे नाव सहसा नाही. दीडशे वर्षांपूर्वीचे ते चेहरे आज स्पष्ट दिसतात. पण ते कोणाचे आजोबा, कोणाची पणजी, हे कोणालाच सांगता येत नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या सावेदादांचे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांचा मुंबईत फोटो स्टुडिओ होता. त्यांनी विलायतेच्या रायली ब्रदर्सकडून २१ गिनी देऊन चलतचित्रांचा कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये झालेली कुस्ती त्यावर टिपली. फिल्म धुवायला लंडनला पाठवावी लागली. ही भारतीय माणसाने काढलेल्या पहिल्या चलतचित्रांपैकी एक मानली जाते. त्या कुस्तीतले पैलवान होते पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी. कोणी ती दोन नावे नोंदवून ठेवली म्हणून आज सव्वाशे वर्षांनंतरही आपण ती घेतो.

बडोदा, गोध्रा आणि एक वाटाणा

दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे, हे सर्वांना ठाऊक असते. पण कॅमेऱ्याशी त्यांची खरी मैत्री आपल्या गुजरातेत जुळली, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगायला हवे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून ते बडोद्याला आले आणि सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालच्या कलाभवनात रमले. कलाभवनाचे प्रमुख होते प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. त्यांनी या होतकरू तरुणाच्या हाती तिथला फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा दिली. पुढे फाळक्यांनी गोध्र्याला स्वतःचा स्टुडिओ थाटला. पण कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो, अशी लोकांची समजूत, त्यामुळे गिऱ्हाईक बिचकत असे. त्यातच प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल हिरावले आणि गोध्रा सुटले. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हा रातोरात घराला कुलूप लावून खानदेशची गाडी गाठलेल्या आपल्या कुटुंबांना त्या दुःखाची थोडी कल्पना येईल.

दादासाहेब पुढे १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. 'राजा हरिश्चंद्र' काढण्यासाठी पैसे उभे करायचे, तर लोकांना काहीतरी करून दाखवायला हवे होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का केला आणि रोज थोडे थोडे चित्रण करत कोंब फुटण्यापासून वेल वाढेपर्यंतचा प्रवास काही क्षणांच्या फिल्ममध्ये दाखवला. राजवाडा किंवा हत्ती-घोडे लागले नाहीत. घरातली कुंडी पुरली. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे, ही कामे त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई घरात करत. मग १९१३ च्या मे महिन्यात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. रोजच्या साध्या वस्तूकडे धीराने पाहत राहावे, हा हौशी फोटोग्राफरसाठी याहून चांगला धडा नाही.

रंगाचे काम आणि फोटोचे काम

वर ज्या गज्जर सरांचा उल्लेख केला, ते मूळ सुरतचे. १८६३ साली याच शहरात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. कापड रंगवण्याचे शास्त्र त्यांनी कलाभवनात शिकवले. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले, तेव्हा तो डाग काढून दाखवणारे हेच गज्जर. ज्यांच्या हाताखाली फाळके फोटोग्राफी करत होते ते गुरू रंगाईचे जाणकार होते, हा निव्वळ योगायोग नाही. रंग आणि फोटो ही एकाच रसायनशास्त्राची दोन अंगे आहेत.

आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिलवर पेटली. त्यांना हे पटकन कळेल. 'ॲग्फा' हे नाव आपल्याकडे कॅमेऱ्याचे आणि रोलचे म्हणून माहीत. पण त्या जर्मन नावाचा अर्थच मुळी 'ॲनिलीन बनवणारी कंपनी' असा आहे. बर्लिनजवळ कृत्रिम रंग बनवणारा तो कारखाना होता, फोटोच्या सामानाकडे तो नंतर वळला. १८७३ साली फोगेल नावाच्या जर्मन प्राध्यापकाच्या लक्षात आले, की फोटोच्या काचेवरच्या लेपात ठरावीक रंगद्रव्य मिसळले तर तो लेप हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही दाद देतो. त्याआधी निळे आभाळ फोटोत पांढरे फटक यायचे आणि पिवळी वस्त्रे काळी पडायची.

फोटो पक्का करायला जो 'हायपो' लागतो, तोच कापड ब्लीच केल्यावर उरलेला क्लोरीन मारायला वापरतात. आणि स्क्रीन प्रिंटिंगचे खाते घ्या. जाळीवर लेप चढवायचा, अंधाऱ्या खोलीत वाळवायचा, वर डिझाइनची फिल्म ठेवून दिवा लावायचा. प्रकाश लागेल तिथला लेप घट्ट होतो, झाकलेल्या जागेचा पाण्याने धुऊन जातो आणि त्या मोकळ्या जाळीतून रंग कापडावर उतरतो. प्रकाशाने डायक्रोमेटचा लेप बदलतो, हे स्कॉटलंडच्या मंगो पाँटन यांनी दाखवले तेही १८३९ सालीच. म्हणजे आपले काका-मामा स्क्रीन खात्यात रातपाळीला जे करत होते, ती फोटोग्राफीच होती. फक्त तिला कोणी फोटोग्राफी म्हटले नाही आणि त्यांनी छापलेल्या साड्या देशभर गेल्या.

नवसारीच्या होमाईबाई

आपल्या शेजारच्या नवसारीत १९१३ साली, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्याच वर्षी, होमाई व्यारावाला यांचा जन्म झाला. त्याही मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या. पती माणेकशॉ यांच्याकडून फोटोग्राफी शिकल्या. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज त्यांना ओळखतात. स्वातंत्र्याच्या वेळचे दिल्लीतले अनेक प्रसंग त्यांनी साडी नेसून, अवजड स्पीड ग्राफिक आणि रोलीफ्लेक्स सांभाळत टिपले. पण सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून येत ते पतीच्या नावाने, कारण बाईच्या नावाला तेव्हा किंमत नव्हती. पुढे त्यांनी 'डालडा १३' हे मजेशीर टोपणनाव घेतले. अखेरची वर्षे त्या बडोद्यात राहिल्या. २०११ साली पद्मविभूषण मिळाले आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या. फोटो काढणाऱ्याचे नाव फोटोबरोबर राहिले पाहिजे, यासाठी त्यांच्या आयुष्याकडे पाहावे.

क्लिक थ्रीपासून मोबाईलपर्यंत

आता आपल्या वसाहतीकडे येऊ. उधना-जळगाव लाईनने धुळे, जळगाव, नंदुरबारकडून पहिली पिढी आली ती ट्रंक, वळकटी आणि भाकरीचे गाठोडे घेऊन. कॅमेरा कोणाकडेच नव्हता. फोटो म्हणजे स्टुडिओतला: मागे रंगवलेला पडदा, शेजारी प्लास्टिकच्या फुलांची कुंडी, नव्या शर्टात ताठ उभा तरुण. तो फोटो गावी जायचा, आई-वडिलांना धीर यावा म्हणून, किंवा मुलगी पाहणाऱ्यांना दाखवायला.

मग कोणाच्या तरी हाती 'ॲग्फा क्लिक थ्री' आला. हा कॅमेरा आपल्या बडोद्यातच न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनायचा. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. ऊन आहे की ढग, एवढेच ठरवायचे आणि बटण दाबायचे. ज्याच्याकडे क्लिक थ्री, त्याला बारशापासून तेराव्यापर्यंत बोलावणे. बारा फोटो म्हणजे हात आखडता. "अजून दोन राहिलेत, कानबाईला काढू" म्हणून रोल महिनाभर कॅमेऱ्यात राहायचा. कानबाईचे रोट आणि राखीपौर्णिमा एकाच रोलवर धुऊन यायची.

आमच्यातल्या एका काकांनी तर स्वयंपाकघराचाच अंधारखोली म्हणून उपयोग केला. रात्री जेवणे उरकली की खिडकीला गोधडी, लाल बल्ब आणि तीन ताटे: एकात डेव्हलपर, एकात पाणी, एकात हायपो. कोऱ्या कागदावर हळूहळू चेहरा उमटायचा तेव्हा आम्ही पोरे श्वास रोखून पाहत असू. ती ताटे पुन्हा जेवणात वापरायची नाहीत, यावरून काकूंनी दोन दिवस अबोला धरला होता.

पुढे हॉट शॉटची छोटी लांबट कॅमेरे आली, मग रंगीत रोल, छत्तीस फोटो, कोडॅकचा केबी-१०, यशिका. रंगीत फोटो घरी धुता येत नव्हते, लॅबमध्ये द्यावे लागत. एकदा एका लॅबने विसर्जनाचा आख्खा रोल काळा करून परत दिला आणि त्या वर्षाची मिरवणूक आमच्याजवळ केवळ आठवणीत उरली. आणि आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. आपल्या मंडळातली तीन-चार मुले हौसेने डीएसएलआर बाळगतात, पगारातून हप्ते भरून पन्नास एमएमची लेन्स घेतात, रविवारी पहाटे डुमसला नाहीतर तापीकाठी जातात. एकमेकांच्या लेन्स वापरून पाहतात आणि कोणाचा फोटो हलला यावर चहाच्या टपरीवर वाद घालतात. नारायण दाजींच्या मुंबईत यापेक्षा वेगळे काय चालत असेल?

फोटोत काय नाही

यंदा आलेले सर्व फोटो आम्ही सतरंजीवर पसरून पाहिले, तेव्हा एक गोष्ट मनाला लागली. लग्ने आहेत, गणपती आहेत, सत्यनारायण आहेत, नवी मोटारसायकल आहे. पण ज्या कामासाठी आपण इथे आलो त्या कामाचा एकही फोटो नाही. मिलच्या गेटवरची सायकलींची रांग नाही, बारा तासांच्या पाळीनंतर रंगाने निळे-लाल झालेले हात नाहीत. एका खोलीत सहा जण राहायचे ती रूम नाही. पहाटे नळावर लागणारी हंड्यांची रांग नाही. आपल्या आया आणि आज्या फोटोत आहेत त्या हळदीकुंकवाच्या. घरी बसून साडीला लेस लावणारी, टिकल्या चिकटवणारी बाई कुठल्याच फोटोत नाही.

रोल महाग होता, म्हणून तो सणासाठी राखून ठेवला गेला, हे खरे. पण त्यामागे थोडा संकोचही होता. गावी दाखवायचा फोटो चांगलाच हवा. हालअपेष्टांचा फोटो कशाला? त्यामुळे आपल्या नातवंडांनी उद्या विचारले, "आजोबा इथे येऊन नक्की काय करायचे?" तर दाखवायला काही नाही. इंग्रजांनी आपले फोटो काढले ते जातीची पाटी लावून. आपण आपले काढले ते सणाचे कपडे घालून. मधला रोजचा माणूस दोन्हीकडे राहून गेला.

आणि जे आहे तेही जात चालले आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुराने शहराचा केवढा भाग बुडवला, ते आपण पाहिले आहे. शहराच्या पलीकडच्या भागात राहणाऱ्या आपल्या कितीतरी नातलगांचे अल्बम चिखलात गेले. खाडीचे पाणी दर दोन-चार पावसाळ्यांनी आपल्याही गल्लीत शिरते. पाणी नाही आले तर कसर लागते, दमटपणाने पाने चिकटतात. आणि मोबाईलमधले फोटो मोबाईल हरवला की एका क्षणात जातात.

आता काय करू या

म्हणून आमची प्रत्येक कुटुंबाला कळकळीची विनंती आहे. घरातल्या ज्येष्ठांसमोर या दहा दिवसांत एका संध्याकाळी अल्बम उघडा. एकेका फोटोवर बोट ठेवून नाव, गाव, साधारण साल विचारा आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, त्याची शाई पुढे उमटते. चिकट पानांतले फोटो ओढून काढू नका. निघत नसतील तर पानासकट मोबाईलने नीट उजेडात फोटो घेऊन ठेवा. फोटो भिजलेच, तर एकमेकांवर ठेवून वाळू देऊ नका. स्वच्छ पाण्यातून अलगद सोडवून चेहऱ्याची बाजू वर करून सावलीत वाळवा. निगेटिव्ह फेकू नका, फोटो गेला तरी तिच्यातून तो पुन्हा निघतो. जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी लागते, म्हणून तो कातड्याच्या पाकिटात बंद न ठेवता कोरड्या जागी ठेवा.

आणि आमच्या तरुण फोटोग्राफरांना वेगळी विनंती. डुमसचा सूर्यास्त जरूर काढा, पण मिलच्या गेटचा, चहाच्या टपरीचा, आईच्या स्वयंपाकघराचाही काढा. ज्याचा काढता त्याला आधी विचारा, नाव विचारा, आणि फोटोबरोबर ते नाव आणि तुमचेही नाव लिहून ठेवा. दादासाहेबांना एक वाटाणा पुरला. आपल्याकडे तर अख्खी वसाहत आहे.

तो सात तरुणांचा फोटो आम्ही मोठा करून मंडपात प्रवेशद्वाराजवळ लावला आहे. खाली सात रेघा आहेत, चार भरलेल्या, तीन रिकाम्या. आणि आठवी रेघ फोटो काढणाऱ्यासाठी. दर्शनाला याल तेव्हा दोन मिनिटे थांबा, सोबत आजी-आजोबांना आणा. त्यांच्यापैकी कोणी एकाने जरी "हाऊ तं आमना..." म्हणून बोट ठेवले, तर पेन्सिल टेबलावर ठेवलेलीच आहे.

गणपती बाप्पा मोरया!